सुटीतली नातवंडं



आजचा विषय अगदी घरगुती आहे. खताचा नाही, बियाण्याचा नाही, बाजारभावाचा तर नाहीच. पण शेतात जसे खरीप आणि रब्बी असे दोन हंगाम असतात, तसे आपल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरातही दोन हंगाम असतात. एक दिवाळीचा आणि दुसरा मे महिन्याचा. हे नातवंडांचे हंगाम. शाळेला कुलूप लागलं की घराचं दार उघडतं, आणि जे घर वर्षभर दोन भाकऱ्यांवर चाललेलं असतं तिथं एकदम दहा-बारा भाकऱ्यांचं पीठ मळावं लागतं. या हंगामाची मशागत कोण करतं, त्यात घाम कुणाचा गळतो आणि नुकसान झालंच तर ते कुणाच्या माथी बसतं, एवढंच मला आज बोलायचं आहे.

उदाहरणाला एक गाव घेऊ. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं केंदूर पुष्कळांना ठाऊक असेल. संत कान्हूराज महाराजांचं गाव. गावठाण एकीकडे आणि वाड्यावस्त्या चहूकडे पसरलेल्या. शेजारी पाबळ, जवळून वेळ नदी, तिच्यावर थिटेवाडीचा बंधारा. नदी आहे, बंधारा आहे, तरी पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई हा सारा पट्टा पाण्याला महाग. चैत्र सरला की विहिरीचा तळ दिसू लागतो. आता गंमत पाहा, पाण्याला महाग असलेल्या या गावापासून थोड्याच अंतरावर कारखान्यांचा सुकाळ आहे. एका अंगाला शिक्रापूर आणि सणसवाडी, पलीकडे रांजणगाव, दुसऱ्या अंगाला चाकण. मागची पिढी पाण्याच्या मागे हिंडली, ही पिढी कंपनीच्या भोंग्यामागे गेली. मुलगा चाकणला, सून शिवणकामाच्या नाहीतर डब्बे भरण्याच्या कामावर, लेक भोसरीला नाहीतर हडपसरला दिलेली. गावात उरले आबा आणि आजी.

आता एक साधा हिशेब मांडू. शाळेच्या सुट्या रविवार सोडून वर्षात ७६ हून अधिक होऊ नयेत, असा आपल्या राज्यात नियम आहे. आणि कारखान्यातल्या माणसाला? १९४८ च्या कारखाना कायद्यापासून हिशेब ठरलेला आहे, की वीस दिवस काम केलं की एक दिवस भरपगारी रजा. अलीकडे नवे कामगार कायदे आले, त्यांतही हेच प्रमाण आहे. म्हणजे २४० दिवस काम केलेल्या माणसाच्या वाट्याला बारा दिवस. सणावाराच्या चार-सहा सुट्या आणखी धरा. ठेकेदारामार्फत कामाला असलेल्यांची गोष्ट तर बोलूच नका, त्यांची रजा म्हणजे खाडा. मुलाला शहात्तर आणि बापाला बारा! मधले जे साठेक दिवस उरतात ते कोण भरून काढतं? ते कुठल्या खतावणीत लिहिलेले नाहीत. ते आजीच्या गुडघ्यांवर लिहिलेले आहेत.

आपल्याकडे नातवंडाला दुधावरची साय म्हणतात. म्हणणं फार गोड आहे आणि खरंही आहे. पण साय धरायची तर दूध तापवावं लागतं, ते उतू जाऊ नये म्हणून चुलीपाशी उभं राहावं लागतं, मांजर राखावं लागतं. म्हणीत हे काही आलेलं नाही. म्हण करणाऱ्यानं बहुधा साय नुसती खाल्ली असावी.

मे महिन्यात आणखी एक गोष्ट होते, ती पुरुषमाणसांच्या सहसा ध्यानात येत नाही. सुटी लागली की लेक माहेरी येते, पण सूनही कुणाची तरी लेकच, तीही आपल्या माहेरी जाते. म्हणजे घरात माणसं वाढतात आणि हात कमी होतात. लेक चार दिवस आरामाला आलेली असते, तिला आजी कामाला लावत नाही, लावू इच्छीतही नाही. वर्षभर तिनं सासरी केलेलंच असतं. तेव्हा पहाटे उठून पाणी भरणं, टँकर आला तर पिंपाशी धावणं, शेण काढणं, धार काढणं, मग चहा, मग पोरांचं दूध, मग भाकरी, मग "आज्जी, याच्यात साखर नाही", "आज्जी, त्यानं मला मारलं", हे सगळं त्या एकट्या माउलीवर. आबांचं काय, असं विचाराल तर आबा सकाळी नातवाला बैलांपाशी किंवा ट्रॅक्टरपाशी नेतात, मोठ्या कौतुकानं गावभर फिरवून आणतात, आणि त्याला भूक लागली की घरी आणून सोडतात. कौतुक आबांच्या वाट्याला, भूक आजीच्या वाट्याला. आबा मंडळींनी रागावू नये, पण हे असं आहे.

त्यातून तो महिना काही मोकळा नसतो. उन्हाळी कांदा काढून वखारीत भरायचा असतो, नांगरट असते, शेणखत पसरायचं असतं. आणि घरातली उन्हाळी कामं, पापड, सांडगे, शेवया, कुरडया. खरं सांगायचं तर मुलांच्या दृष्टीनं सुटीचा सगळा अर्थ याच कामांत आहे. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून त्याचं सत्त्व काढायचं, रात्रभर निवळू द्यायचं आणि पहाटे मोठ्या पातेल्यात चीक शिजवायचा. तो चीक शिजत असताना भोवती जी पोरं बसतात त्यांना उठवायला कुणाला सांगावं लागत नाही. एरवी आठ वाजता उठणारी पुण्याची पोरं त्या दिवशी पाचला उठतात. वाटीत गरम चीक, त्यावर दूध आणि साखर, किंवा नुसतं तेल-मीठ. मग सोऱ्या फिरवायची पाळी कुणाची यावरून भांडणं. मग वाळवणाची राखण. हातात काठी घेऊन कावळ्यांना हाकलायचं, आणि राखणदारानंच अर्धवट वाळलेली कुरडई तोंडात टाकायची. या सगळ्यात आजी एकदाही म्हणत नाही की मी तुम्हांला शिकवते आहे. पण गव्हातून सत्त्व वेगळं कसं होतं, उन्हाचा आणि वाऱ्याचा वेळ कसा धरावा, किती मिठाला किती पाणी, हे त्या पोरांच्या हाताला कळतं. पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम काढला तो याच विचारावर, की खेड्यातलं मूल हातानं काम करता करता शिकतं. केंदूरहून पाबळ किती लांब? ज्यांना पाहायचं असेल त्यांनी जाऊन पाहावं. आणि ज्यांना तेवढंही जायचं नसेल त्यांनी मे महिन्यात एखाद्या आजीच्या अंगणात बसावं.

इथवर जे सांगितलं ते हौसेनं येणाऱ्या नातवंडांचं. महिना-दीड महिना राहतात, काळीसावळी होऊन, गुडघे फोडून घेऊन परत जातात. पण गावात दुसरीही नातवंडं असतात. ती सुटीत येत नाहीत, ती बारा महिने तिथंच असतात. आईबाप दोघं कामावर, शहरातली खोली दहा बाय दहाची, पाळणाघर परवडत नाही, म्हणून मूल आजीपाशी ठेवलेलं. कुठं बाप गेलेला, आई कामाला लागलेली. कुठं दोघंही गेलेले. २०२० आणि २०२१ या करोनाच्या दोन वर्षांत अशी घरं वाढली, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. या मुलांच्या बाबतीत सुटीचा अर्थ उलटा. इतरांची सुटी म्हणजे आजीकडे जाणं, यांची सुटी म्हणजे आई येणं. दिवाळीला कंपनीला चार दिवस सुटी मिळाली की आई येते, नवे कपडे आणते, आणि मूल पहिला दिवसभर आजीच्या पदराआड उभं राहतं. आईच्या मनाला ते लागतं. दुसऱ्या दिवशी ते आईला चिकटतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईला जावं लागतं. मग त्या रात्री त्याला झोपवणं हे कुणाचं काम, हे मी सांगायला नको. माझी हयात शाळेत गेली. दिवाळीनंतर शाळा उघडते त्या आठवड्यात वर्गात कोण गप्प बसतं ते पाहावं. गुरुजींना वाटतं, अभ्यास केला नाही म्हणून पोर गप्प आहे. एकदा त्याची आजी कोण, ते विचारून पाहावं.

आपल्या तालुक्याचं नाव शिरूर. या नावाचं दुसरं एक शिरूर आहे, बीड जिल्ह्यातलं शिरूर कासार. दोन्ही शिरूरांना जोडणारी एक वाट आहे आणि ती उसाच्या फडातून जाते. दसरा-दिवाळी झाली की तिकडचे ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतात, नवरा-बायकोची जोडी, तिला 'एक कोयता' म्हणायचं, आणि गाड्या भरून इकडे घोड, भीमेच्या काठच्या उसाला, तसंच सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकातही जातात. मार्च-एप्रिलपर्यंत परत नाहीत. तान्ही पोरं बरोबर. शाळेत जाणारी पोरं न्यावीत तर शाळा बुडते, न न्यावीत तर ठेवायची कुणापाशी? आजीपाशी. म्हणजे आपल्याकडे दिवाळीत घर भरतं तेव्हा तिकडच्या घरातून माणसं निघतात, आणि सहा महिने एकेक म्हातारी तीन-चार नातवंडं ओढते. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे, गावातच राहून त्यांच्या जेवणाची सोय व्हावी असा तिचा हेतू. ती ज्या गावी वेळेवर सुरू होते तिथं पोरं शाळेत टिकतात. जिथं दिवाळीनंतर दोन महिन्यांनी कागद हलतात तिथं तोवर मूल फडावर पोचलेलं असतं. आपल्या फडात ऊस तोडणाऱ्या बाईला कधी तरी विचारावं, "ताई, पोरं कुणापाशी ठेवलीत?" फार करून उत्तर येईल, "सासूपाशी." तेवढं विचारल्यानंही त्या बाईला बरं वाटतं.

आता पोटाचा प्रश्न. शाळेत दुपारी खिचडी मिळते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही राष्ट्रीय योजना सुरू झाली, तेव्हा घरी तांदूळ मिळत असे. पुढं २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्नच द्या असं बजावलं. सुटी लागली की ती चूलही बंद. बाहेरून आलेल्या नातवाला त्याचं काही वाटत नाही, पण बारा महिने आजीपाशी असलेल्या मुलाच्या दुपारच्या जेवणाचा भार त्या दिवसापासून आजीवर येतो. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुटीतही हे जेवण चालू ठेवावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २००४ चा आदेश आहे. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यातल्या शाळा व्यवस्थापन समितीनं हे ध्यानात ठेवावं आणि मार्च महिन्यातच विचारणा करावी. मे महिन्यात विचारून उपयोग नाही, तेव्हा कार्यालयातलं माणूसही आपल्या मामाच्या गावी गेलेलं असतं.

श्रावणबाळ योजनेत म्हाताऱ्या माणसाला महिन्याला १५०० रुपये मिळतात. दिवसाचे पन्नास झाले. त्यात गोळ्या, चहापत्ती, आणि नातवाचा दहा रुपयांचा पुडा. ज्या आजी-आजोबांकडे आईबापाविना किंवा एकाच पालकाचं मूल आहे, त्यांनी महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना जरूर विचारावी. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव त्या योजनेला आहे आणि मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात. कागदपत्रं पुष्कळ लागतात, म्हाताऱ्या माणसाला ती जमवणं होत नाही. इथं गुरुजींचं काम आहे. शाळेचा दाखला गुरुजींच्याच हाती असतो, अंगणवाडीच्या ताई आणि ग्रामसेवक गावातच असतात. एक दुपार खर्ची घातली तर एका घराचं वर्ष निभतं.

काळजीच्या चार गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण सुटीत मुलांना अपघात होतात, आणि ज्या घरात होतात तिथं आजी-आजोबा पुढची सारी वर्षं त्या दिवसात अडकून राहतात.

पहिली गोष्ट पाण्याची. पूर्वी मे महिन्यात आबा नातवाच्या कमरेला वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचं लाकूड बांधून विहिरीत पोहायला शिकवत. आता विहिरी आटल्या आणि शेततळी आली. शेततळं दिसायला विहिरीपेक्षा सोपं, उथळ कडांचं, पण त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. ओल्या कागदावर शेवाळ धरलं की पट्टीचा पोहणारा गडीसुद्धा वर चढू शकत नाही, पाय घसरतो आणि पुन्हा आत. शहरातल्या पोराला तो पोहण्याचा हौद वाटतो. तेव्हा भोवती तारेचं कुंपण हवं, आणि चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडून वर पक्क्या खुंटीला बांधलेले हवेत. दोराला फार पैसे पडत नाहीत. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब फुगवून काठाशी ठेवली तर आणखी चांगलं.

दुसरी गोष्ट औषधाची. आपण शेतकरी माणसं फवारणीच्या विषालाही 'औषध' म्हणतो आणि आजीच्या रक्तदाबाच्या गोळीलाही 'औषध'च म्हणतो. शब्द एक, आणि दोन्ही एकाच कोनाड्यात. उरलेलं फवारणीचं औषध थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवण्याची आपली जी सवय आहे ती तर आजच्या आज सोडली पाहिजे. उन्हातून खेळून आलेलं पोर बाटलीचा रंग बघतं, वास बघत नाही. आणि आजीच्या गोळ्यांची डबी उशाखाली न ठेवता वर फळीवर ठेवावी, साखरेच्या गोळ्यांसारख्या दिसतात त्या.

तिसरी गोष्ट बिबट्याची. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके जुन्नर वनविभागात येतात आणि इथल्या उसात बिबटे राहतात, जन्मतात, वाढतात, हे आता नवं राहिलेलं नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याच तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत बिबट्यानं तीन बळी घेतले. दोन लहान मुलं आणि एक वृद्ध बाई. ऐन दिवाळीचे दिवस होते ते. ज्यांची राखण करायची ते आणि ज्यांनी राखण करायची ते, दोघंही त्या तिघांत होते. त्यानंतर लोकांचा जो संताप झाला तो सर्वांना माहीत आहे, त्यात मी शिरत नाही. पण दिवाळीच्या सुटीत, उसाची तोड चालू झालेली असताना, उसाकडेच्या वस्तीवर मुलं उतरतात हे खरं आहे. तेव्हा दिवस मावळल्यावर आणि पहाटे उजाडायच्या आत मुलाला एकटं अंगणातही सोडू नये. परसाकडे जायचं तर मोठं माणूस, हातात बॅटरी आणि काठी, तोंडानं बोलत बोलत. वाकलेलं किंवा बसलेलं मूल बिबट्याला सावजासारखं दिसतं. अंगणात दिवा हवा. रात्री वीज नसते ही अडचण मला ठाऊक आहे, आणि ती अडचण ग्रामसभेत मोठ्यानं बोलण्यासारखी आहे.

चौथी गोष्ट म्हणजे हातातला फोन. याबद्दल इतकं बोललं जातं की मी थोडक्यात आटोपतो. दुपारी बारा ते चार उन्हात बाहेर सोडता येत नाही, आजीला पाठ टेकायची असते, आणि पोर फोन मागतं. आजी देते. तिला दोष देण्याआधी त्या चार तासांत दुसरं काय करावं ते आईबापांनी सांगावं. जाताना चार गोष्टींची पुस्तकं, एक सोंगट्यांचा पट, रंगाची पेटी ठेवून गेलात तर आजीचं काम हलकं होईल. नुसती ताकीद ठेवून जाऊ नका.

यावरून आठवलं. जून उजाडला की गावोगावच्या घरांत एक वाक्य ऐकू येतं. लेक म्हणते, "आई, तू याला फार लाडावून ठेवलंस गं. आता घरी गेल्यावर माझं ऐकत नाही." आजी काही बोलत नाही. फार तर म्हणते, "असू दे बाई, महिनाभर तर होता." पण मनात तिच्या असतं, की सुधारला असता तर तुमचं वळण, बिघडला तर आमचे लाड. खरं म्हणजे दीड महिन्यात कोणी बिघडत नाही. मुलाला दोन घरांचे दोन कायदे चांगले कळतात. आजीकडे जेवताना गोष्ट मिळते आणि घरी मिळत नाही, हे तीन वर्षांचं पोरही जाणतं. घोटाळा होतो तो मोठी माणसं एकमेकांशी आधी बोलत नाहीत म्हणून. सुटी लागायच्या आधी लेकीनं नाहीतर सुनेनं फोन करून विचारावं, "आई, या वर्षी किती दिवस झेपेल तुम्हांला?" हा प्रश्न आपल्याकडे विचारतच नाहीत. तारीख कळवतात. आजी नाही म्हणणार नाही, तिला तसं म्हणता येत नाही, पण विचारल्यावर "पंधरा दिवस ठेव, मग धाकटीची यायची आहेत" एवढं तरी ती मोकळेपणानं सांगेल. आणि मुलासोबत त्याचा शिधा पाठवावा. नातवाच्या दुधाचे पैसे देणं म्हणजे आजीचा अपमान, असं काही जण मानतात. पैसे हातावर ठेवू नका हवं तर, वाण्याकडे तेलाचा डबा, साखर, साबण लावून द्या. वाण्याची उधारी फिटलेली पाहून कुठल्याही आजीला आजवर अपमान वाटलेला नाही.

गुरुजनहो, आता थोडं तुमच्याशी. सुटीचा अभ्यास म्हणून आपण देतो काय? शुद्धलेखनाची वीस पानं आणि पाढे. मूल ती शेवटच्या दोन दिवसांत उरकतं. त्याऐवजी आजी-आजोबांनाच पाठ्यपुस्तक करता येईल. आज जे आबा सत्तरीत आहेत ते १९७२ च्या दुष्काळात पोरसवदा होते. त्यांनी खडी फोडली आहे, सुकडी खाल्ली आहे, मिलो नावाच्या तांबड्या ज्वारीची भाकरी खाल्ली आहे. गावाजवळचा पाझर तलाव कुणाच्या हातांनी झाला, मजुरी किती मिळत होती, जनावरं कुठं नेली, हे मुलांनी विचारून वहीत लिहून आणावं. त्याच दुष्काळाच्या अनुभवातून पुढं रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. हे पुस्तकात एका ओळीत येतं. मुलाला आबांच्या तळहाताच्या घट्ट्यावरून ते कळेल. पायली, शेर, अदमण ही मापं. हुलगा, मटकी, राळा यांची शेतं. मोट कशी चालायची. हे सगळं चार-दोन वर्षांत विचारायला माणूस उरणार नाही.

आज्यांकडे तर याहून मोठं भांडार आहे. जात्यावरच्या ओव्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं खेड्यापाड्यांत हिंडून लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. ज्या बायांना अक्षर लिहिता येत नव्हतं त्यांनी त्या सांगितल्या. नातवाच्या, लेकीच्या, भावाच्या ओव्या. आपल्या वर्गातल्या प्रत्येक मुलानं सुटीत आजीकडून पाच ओव्या लिहून आणल्या तर तीस मुलांच्या दीडशे झाल्या.

आणि ज्या आजीला वाचता येत नाही तिचं काय? ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे. तिथले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी साडी हा गणवेश, पाठीवर दप्तर, हातात पाटी. साठीच्या पुढच्या आज्या सही करायला शिकल्या, आणि घरी अभ्यास घ्यायला कोण, तर नातवंडं! प्रत्येक गावात गणवेशाची शाळा निघेल असं मी म्हणत नाही. पण केंदूरसारख्या गावात चौथीतल्या मुलीला सुटीचा अभ्यास म्हणून "आजीला तिचं नाव लिहायला शिकव" एवढंच सांगितलं तर? जूनमध्ये तिनं आजीच्या हातची सही आणून दाखवावी. शंभरातले शंभर गुण द्या.

आमच्या या नभोवाणीचीही एक आठवण इथं सांगतो. १९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत पुणे, तेव्हाचा अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत एक प्रयोग झाला होता. युनेस्कोचा त्याला हातभार होता. आठवड्यातून दोनदा गावकऱ्यांनी चावडीवर किंवा शाळेत रेडिओपाशी एकत्र बसायचं, ऐकायचं, मग आपसांत बोलायचं आणि आपले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवायचे. त्या वेळी बापाच्या मांडीवर बसून ऐकणारी पोरं आज पंचाहत्तरीच्या घरात असतील, आणि त्यांच्या मांडीवर पतवंडं असतील. मला वाटतं, याच रीतीनं गावातल्या चार-सहा आज्यांनी, गुरुजींनी आणि अंगणवाडीच्या ताईंनी एप्रिल अखेर एकदा शाळेत बसावं. सुटीत कुणाकडे किती मुलं येणार, कोणत्या शेततळ्याला कुंपण नाही, दुपारचे दोन तास शाळेची एखादी खोली उघडी ठेवता येईल का आणि आळीपाळीनं तिथं कोण बसेल, एवढं ठरवावं. कॉलेजात जाणारी गावातली पोरं-पोरी सुटीत घरी असतात, त्यांना हाक मारली तर ती येतात.

आता शेवटची एक गोष्ट, आणि ती न्यायला येणाऱ्या मंडळींसाठी. जूनच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही मुलांना न्यायला येता. गाडीच्या मागे शेंगदाण्याची पिशवी, हुलग्याचं गाठोडं, कुरडयांचा डबा हे सगळं आजीनं आधीच बांधून ठेवलेलं असतं, आणि निघताना नातवाच्या मुठीत ती शंभराची नोट कोंबते. श्रावणबाळचे दोन दिवस. ते सगळं घ्या, नको म्हणू नका, तिला वाईट वाटेल. पण तिला विचारा, सुई ओवताना ती नातीला का बोलावते. डोळ्यांत पडदा आला असेल तर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. गाडीत गाठोडी थोडी सरकवा आणि एक जागा तिच्यासाठी करा. हे काम पाऊस पडायच्या आधी झालेलं बरं, कारण एकदा पेरणी लागली की ती यायची नाही.